सोलापुरी चादर आणि घुसळणारे यंत्र

घट बसण्याआधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढायची रीत आपल्याकडे घरोघर आहे. सोलापुरात या धुण्यात चादरींचा ढीग ठरलेलाच. जेकार्डच्या मागावर विणलेली, जाड सुताची ही चादर कोरडी असताना लहान मूलही उचलते. तीच पाण्यात बुडवून वर काढली की एकट्या माणसाला आवरत नाही. आमच्याकडे आई आणि आत्या मिळून ती पिळीत. एकीने एक टोक धरायचे, दुसरीने दुसरे, आणि समोरासमोर उभे राहून दोघींनी आपापल्या उजव्या बाजूला पीळ द्यायचा. दोघीही ‘उजवीकडे’ फिरवतात तरी पीळ बसतो, कारण तोंडे समोरासमोर असल्यामुळे त्या प्रत्यक्षात उलट दिशांना फिरवीत असतात. मुलांना हे वर्गात टॉवेल देऊन करायला लावावे. सांगून पटकन पटत नाही. मधल्या भागातून पाण्याची धार लागे. पहिल्या खेपेला ती काळपट असे, मग गढूळ, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला नुसते पाणी.

पुढे १९९० नंतर केव्हातरी शेजारच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र आले. गल्लीतल्या सगळ्या बाया पाहायला गेल्या. आईने यंत्रवाल्या काकूंना दोनच गोष्टी विचारल्या : यात चादर धुतली जाते का, आणि पाणी किती लागते? विज्ञानशिक्षक म्हणून मला आज वाटते की यंत्राविषयी याहून नेमके प्रश्न विचारता आले नसते. त्यांची उत्तरे शोधायची तर आधी यंत्राचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्याच्याही आधी मळ नेमका कोठे बसतो ते.

मळ कोठे असतो?

कापूस म्हणजे अत्यंत बारीक तंतू. एकेकाची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. असे शेकडो तंतू एकत्र पिळले की चादरीचे जाड सूत तयार होते. म्हणजे कापडात दोन प्रकारच्या फटी असतात. सुता-सुतांमधल्या फटी मोठ्या, डोळ्यांनी दिसणाऱ्या. सुताच्या आत तंतू-तंतूंमधल्या फटी मात्र अगदी अरुंद. वरवरची धूळ पहिल्या प्रकारच्या फटींतून सहज निघून जाते. घाम, तेल आणि त्याला चिकटलेली बारीक धूळ दुसऱ्या प्रकारच्या फटींत जाऊन बसते.

आता पाणी कापडातून वाहू लागले तर ते कोणती वाट धरील? अरुंद फटीतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग, दाब तोच असेल तर, फटीच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. फट दहापट अरुंद झाली की वेग शंभरपट कमी. म्हणून जवळजवळ सगळे पाणी सुतांच्या मधून निघून जाते आणि सुताच्या गाभ्यातले पाणी जागचे हलत नाही. कापड नुसते वाहत्या पाण्यात धरून ठेवले तर ते धुतले का जात नाही, याचे उत्तर हे आहे.

गाभ्यातले पाणी हलवायचे तर सूतच दाबले पाहिजे. दाबले की पाणी बाहेर येते, सोडले की नवे आत शिरते, अगदी स्पंजासारखे. धुण्याच्या आपल्या सगळ्या जुन्या रीती हेच करतात. दगडावर आपटणे, लाकडी दांडक्याने बडवणे, पायांनी तुडवणे, चोळणे, पिळणे : प्रत्येक वेळी सूत दाबले जाते आणि सुटते. चोळण्यात घर्षणही असते, पण घर्षणाने मळ निघतो त्याबरोबर कापडही झिजते. परीट आणखी एक गोष्ट करीत. सोड्याच्या पाण्यात भिजवलेले कपडे भट्टीवर चढवून वाफ देत. तेथे काम होई ते रसायनाचे, उष्णतेचे आणि वेळेचे. १९५९ साली हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने ही गोष्ट एका वर्तुळात मांडून दाखवली. हालचाल, रसायन, तापमान आणि वेळ हे धुण्याचे चार वाटेकरी. एकाचा वाटा कमी केला तर दुसऱ्या कोणाचा तरी वाढवावा लागतो. परीट भट्टी लावून आपटण्याचे श्रम वाचवीत होता. आपण साबणाच्या पाण्यात चादर रात्रभर भिजत ठेवतो तेव्हा वेळेचा वाटा वाढवून हातांचा कमी करतो.

यंत्राने उचलला तो हालचालीचा वाटा. पण हालचाल म्हणजे नेमके काय करायचे, हे समजायला यंत्रे बनवणाऱ्यांनाही बराच काळ लागला.

हाताची नक्कल

धुण्याच्या यंत्राच्या कल्पना जुन्या आहेत. जर्मनीत रेगेन्सबर्ग येथील याकोब शेफर या धर्मोपदेशकाने १७६७ साली अशा यंत्राचे वर्णन छापले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शेकडो पेटंटे निघाली. बहुतेकांत लाकडी पिंप आणि हाताने फिरवायचा दांडा असे. पिंपाच्या आत खुंट्या असलेली फळी कपडे पकडून पाण्यातून ओढत नेई. यंत्रकारांच्या डोळ्यांसमोर बाईचा हात आणि खाचांची घासणफळी होती, आणि त्यांनी त्याचीच नक्कल केली. कपडा ओढा, घासा, उलटा ओढा. कपडे फाटत, बटणे तुटत.

येथे एक दुरुस्ती. विजेवर चालणारे धुण्याचे यंत्र आल्वा फिशर यांनी शोधले असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते, आणि आपल्या सामान्यज्ञानाच्या वह्यांतही ते उतरले आहे. शिकागोच्या हर्ली कंपनीसाठी फिशर यांनी बनवलेल्या ‘थॉर’ यंत्राचे पेटंट १९१० चे. विजेच्या यंत्रांच्या जाहिराती त्याआधीच, १९०४ च्या सुमारास, अमेरिकन वर्तमानपत्रांत येत होत्या. पहिला मान कोणाचा ते सांगता येत नाही, एवढेच खरे. मोटार लागली म्हणून धुण्याची पद्धतही बदलली नाही. माणसाच्या हाताऐवजी वीज पिंप फिरवू लागली.

बदल झाला तो १९२२ मध्ये, आयोवा राज्यातल्या न्यूटन या लहान गावी. तेथील मेटॅग कंपनी मुळात शेतीची अवजारे बनवणारी. शेतीच्या कामाचा हंगाम नसताना कारखान्याला काम हवे म्हणून तिने १९०७ पासून धुण्याची यंत्रे काढली. हॉवर्ड स्नायडर या तिच्या तंत्रज्ञाने फळी झाकणावरून काढून टबच्या तळाशी नेली. टबच्या मधोमध एक उभा खांब, त्याला तळाशी रुंद आणि वर निमुळते होत जाणारे पंख. हा खांब पूर्ण फिरत नाही. अर्ध्या वर्तुळाएवढा एकीकडे, मग तेवढाच उलटा. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव ॲजिटेटर. आपल्याला त्याची ओळख करून द्यायला इंग्रजीची गरज नाही. ती रवी आहे. ताक घुसळताना दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढली की रवी दोन्हीकडे हेलकावे घेते, तसेच हे. जुन्या यंत्रांत असे हेलकावे मिनिटाला साठ-सत्तर पडत.

फरक वरवर लहान दिसतो. आधीची यंत्रे कपड्याला धरून पाण्यातून ओढत. स्नायडरची रवी पाण्याला ढकलते आणि पाणी कपड्याला. कपडा पंखाच्या धक्क्याने चेपतो, उलट हेलकाव्याला सुटतो. सूत दाबणे आणि सोडणे हे यंत्राला बरोबर साधले, तेही कपडा न फाटता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी उडी ही आहे, मोटार नव्हे.

यात आणखी एक गंमत आहे, आणि ती वर्गात करून दाखवण्यासारखी आहे. कपात पाणी घेऊन त्यात चिमूटभर चहाची पूड टाका, ढवळा आणि चमचा बाहेर काढा. पुडीचे कण कडेला जातील असे मुले सांगतील. ते तळाच्या मध्यभागी जमा होतात. याचे कारण आइन्स्टाइन यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या वळणांविषयीच्या एका छोट्या लेखात दिले आहे. कपाच्या तळाशी घर्षणामुळे पाण्याचे फिरणे मंद होते. वरचे पाणी जोरात फिरते म्हणून बाहेर सरकते, कडेने खाली उतरते, तळावरून मध्याकडे येते आणि मध्यात वर चढते. आता रवीच्या टबात पाहा. तेथे तळाचे पाणी मंद नसते, उलट सर्वांत रुंद पंख तेथेच असल्यामुळे तेच सर्वांत वेगाने ढकलले जाते. म्हणून अभिसरण नेमके उलटे होते. पाणी तळाशी बाहेर जाते, टबच्या भिंतीलगत वर येते आणि मधल्या खांबाजवळ खाली उतरते. कपडे या प्रवाहाबरोबर फिरतात. वरचा सदरा थोड्या वेळाने खाली, खालची साडी वर, आणि प्रत्येकाची पंखांजवळ जायची पाळी येते. टब ठासून भरला तर हे फिरणे थांबते. खालचे कपडे झिजतात आणि वरचे नुसते भिजतात. सत्तरच्या दशकात अमेरिकेत खांबाच्या वरच्या भागाला स्क्रूसारखे आटे देऊन तो एकाच दिशेने फिरेल अशी योजना निघाली, ती कपड्यांना मुद्दाम खाली खेचण्यासाठी.

आपोआप म्हणजे काय?

रवी आली तरी यंत्र ‘स्वयंचलित’ नव्हते. पाणी भरणे, काढणे, कपडे दोन रुळांमध्ये घालून पिळणे हे सारे हातानेच. या रुळांत बोटे सापडण्याचे अपघात पुष्कळ होत. पहिले स्वयंचलित घरगुती यंत्र १९३७ मध्ये अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने आणले. त्यात रवी नव्हतीच. आडवा ड्रम, समोर काचेचे दार. ड्रममधल्या कंगोऱ्यांनी कपडे वर उचलले जातात आणि वरून पाण्यात आपटतात. रवीने ताक घुसळणाऱ्या हाताची नक्कल केली म्हणावी, तर ड्रमने परटाच्या दगडाची.

पण ड्रम किती वेगाने फिरवायचा? फार वेगाने फिरला तर कपडे भिंतीला चिकटून बसतील, पडणारच नाहीत. ही सीमा बारावीच्या विद्यार्थ्याला काढता येते. ड्रमच्या माथ्यावर केंद्राकडील त्वरण, म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग, गुरुत्वत्वरणाएवढे झाले की कपडा पडत नाही. त्रिज्या २५ सेंटिमीटर धरली तर कोनीय वेग सेकंदाला ६.२६ रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे ६० फेरे. म्हणून धुताना ड्रम याहून सावकाश, साधारण पन्नास फेऱ्यांनी फिरतो, आणि पिळताना शेकडो फेऱ्यांनी. बेंडिक्सचे पहिले यंत्र पिळताना इतके थरथरे की ते जमिनीत बोल्ट ठोकून बसवावे लागे.

महायुद्धाच्या काळात असे कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. त्यानंतर १९४७ च्या आसपास रवीची स्वयंचलित यंत्रे आली; जनरल इलेक्ट्रिकची, आणि पुढे व्हर्लपूल हे नाव घेतलेल्या कंपनीची. फ्रिजिडेअर कंपनीची तर रवी फिरतही नव्हती, मुसळासारखी वर-खाली होई. या यंत्रांत मोटार एकाच दिशेने फिरते आणि तिच्या गतीचे हेलकाव्यांत रूपांतर दंतचक्रे आणि दांडे करतात. टब पिळण्यासाठी गरगरू लागला की हीच यंत्रणा सुटून दुसरी जोडली जाते. असे जुने यंत्र कोणी उघडून दाखवले तर पाहण्याची संधी दवडू नये.

या सगळ्याला हुकूम सोडणारा मेंदू म्हणजे टायमर. एक लहान मोटार आणि तिच्यावर सावकाश फिरणारी, कडेला उंचवटे आणि खाचा असलेली चाके. उंचवटा आला की एक विजेचे बटण दाबले जाते, खाच आली की सुटते. पाणी घे, घुसळ, थांब, पाणी सोड, पिळ. सोलापूरच्या विद्यार्थ्याला हे समजावणे सोपे आहे, कारण जेकार्डच्या मागावर भोके पाडलेले पत्ते हेच काम करतात : कोणता धागा केव्हा वर उचलायचा ते आधीच लिहून ठेवलेले असते. जेकार्डचा माग १८०४ चा. धुण्याच्या यंत्राने तीच युक्ती सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने घेतली. या टायमरचा एक गुण आपल्याकडे विशेष उपयोगी होता. मध्येच वीज गेली तर चाक आहे तेथे थांबते आणि वीज आल्यावर तेथूनच पुढे चालते. भारनियमनाच्या वर्षांत हे फार मोलाचे होते.

पाणी किती भरले हे यंत्राला कसे कळते, हाही मुलांचा हमखास प्रश्न असतो. टबच्या तळाजवळून एक बारीक नळी वर जाते आणि तिच्या वरच्या टोकाला रबरी पडदा असतो. टबात पाणी चढले की नळीत कोंडलेली हवा दाबली जाते, पडदा फुगतो आणि बटण दाबून पाण्याचा झडपनळ बंद करतो. उपडा पेला पाण्यात दाबून धरण्याचा सहावीतला प्रयोग तो हाच.

रवीची ही अमेरिकन यंत्रे पाणी मात्र सढळ हाताने वापरीत. एका धुण्याला दीडशे लिटरच्या आसपास. तेथील काही यंत्रांत मग एक वेगळी सोय देऊ लागले. पहिल्या कपड्यांचे साबणाचे पाणी बाहेर न सोडता शेजारच्या हौदात काढून ठेवायचे आणि पुढच्या, जास्त मळक्या कपड्यांसाठी परत टबात ओढून घ्यायचे. पाणी फेकून देणे तेथील गृहिणींनाही पटत नव्हते, असे दिसते.

जपानमार्गे मराठवाड्यात

आमच्या शेजारच्या घरी आले ते यंत्र मात्र ना रवीचे होते ना ड्रमचे. त्यात शेजारी-शेजारी दोन टब होते. धुण्याच्या टबाच्या तळाशी ताटलीएवढी, कंगोरे असलेली प्लॅस्टिकची चकती. हिला पल्सेटर म्हणतात. ती फिरली की पाण्यात भोवरा होतो. काही सेकंद एकीकडे, क्षणभर विश्रांती, मग उलटीकडे. येथे दंतचक्रांचा व्याप नाही. टायमर मोटारच उलटी फिरवतो, आणि मोटारीपासून चकतीपर्यंत जातो तो एक पट्टा. दुसऱ्या टबात कपडे नुसते पिळले जातात.

या चकतीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये वेल्समधल्या मर्थर टिडफिल येथे हूव्हर कंपनीने एक लहानसे स्वस्त यंत्र काढले. त्यात टबच्या भिंतीवर फिरणारी चकती होती आणि पिळण्यासाठी हाताने फिरवायचे रूळ. जपानमध्ये अमेरिकन धाटणीचे रवीचे यंत्र १९३० पासूनच बनू लागले होते, पण ते फार थोड्या घरांना परवडे. सान्यो कंपनीचे संस्थापक तोशिओ इउए यांनी देशोदेशीची यंत्रे तपासली, हूव्हरची रचना उचलली आणि १९५३ मध्ये तशा धर्तीचे जपानी यंत्र बाजारात आणले. ते स्वस्त, लहान घरात मावणारे आणि थंड पाण्यावर चालणारे होते, म्हणून भराभर पसरले. पुढे चकती भिंतीवरून तळाशी गेली, आणि १९६० च्या सुमारास पिळण्याचा वेगळा टब शेजारी आला. हे इउए म्हणजे मात्सुशिता कंपनीचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांचे मेहुणे. ही दुसरी कंपनीही अर्थातच अशी यंत्रे बनवू लागली.

आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस याच मात्सुशिताच्या तंत्रसाहाय्याने धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन कंपनीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, धुण्याची यंत्रे बनवायला घेतली. दूरदर्शनवरच्या जाहिरातींनी ती घरोघर माहीत झाली. त्याच सुमारास गोव्यात आयएफबी कंपनीने जर्मन तंत्रावर ड्रमची यंत्रे बनवण्यास सुरुवात केली, पण ती महाग. मध्यमवर्गीय मराठी घरात शिरली ती दोन टबांची. व्हिडिओकॉन पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. तिची यंत्रे मात्र पुष्कळ घरांत त्यानंतरही चालू होती.

चकतीत दोष नाहीत असे नाही. भोवऱ्यात कपडे एकमेकांना वेढे घालतात आणि शेवटी दोरखंड हाती येतो. रवीचा खांब मध्ये असल्यामुळे ते कमी होई. आणि चादर? भिजलेल्या जड चादरीला लहानशी चकती हलवूच शकत नाही. चादर वर बसून राहते आणि चकती खाली घों-घों करते, नाहीतर पट्टा घसरतो. आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या यंत्रापुरते ‘नाही’ असे होते.

नळ आणि दोन टब

तरीही सोलापुरात हेच यंत्र का टिकले? पूर्ण स्वयंचलित यंत्रे स्वस्त झाल्यावरही दोन टबांचे यंत्र येथून हटले नाही. याचे कारण पैशाइतकेच पाण्यात आहे. सोलापूरला पाणी येते ते मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळातून, आणि भीमेवरच्याच टाकळीहून. गेली अनेक वर्षे शहरात रोज पाणी येत नाही. तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाळी असते, कधी भल्या पहाटे, कधी रात्री. पाळी आली की बायका जाग्या. पूर्वभागात दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईलाही धुणे त्याच वेळी उरकावे लागते, नाहीतर पिंपात साठवून ठेवावे लागते.

स्वयंचलित यंत्राचा झडपनळ उघडण्यासाठी पाण्याला काही दाब लागतो. साधारण तीन मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. गच्चीवर टाकी नसलेल्या घरात तो मिळत नाही. पिंपातले पाणी बादलीने ओतायचे तर यंत्राचे ‘आपोआप’ संपलेच. शिवाय ते प्रत्येक वेळी साबणाचे पाणी मोरीत सोडून देते. दोन टबांच्या यंत्रात बाई ठरवते. आधी पांढरे कपडे, त्याच पाण्यात रंगीत, मग मुलांचे खेळाचे, शेवटी पायपुसणी. अमेरिकन यंत्राला शेजारचा हौद जोडावा लागला ते काम येथे एका बुचावर झाले.

आता दुसरा टब. तो पाहायला अरुंद, पण फार वेगाने फिरतो. त्रिज्या १० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १४०० फेरे धरले तर कडेचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २२० पट येते. विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. रवीच्या मोठ्या टबाला २५ सेंटिमीटर आणि ६४० फेरे धरले तर ते ११४ पट येते. वेगाचा वर्ग होतो, त्रिज्येचा नाही. म्हणून लहान टब जिंकतो.

आमच्या घरी पुढे असे यंत्र आले तेव्हा आईने चादरीपुरता असा निकाल लावला : धुणे हाताने, पिळणे यंत्राने. चादर टबात भिंतीलगत गोल गुंडाळून बसवायची, मध्ये पोकळी ठेवायची. एका बाजूला ढीग झाला की यंत्र मोरीभर चालत सुटे. आत्याचे दुसरे टोक धरणे मात्र त्या दिवसापासून संपले.

पण पिळण्याने श्रम वाचतात एवढेच नाही, पाणीही वाचते, आणि हे गणित करून दाखवण्यासारखे आहे. समजा, दोन किलोच्या चादरी साबणातून काढून हाताने पिळल्या आणि त्यांत ३ लिटर साबणाचे पाणी उरले. खळबळायला आपल्याकडे ४० लिटर स्वच्छ पाणी आहे. सगळे एकदम वापरले तर ३ लिटरचे ४३ लिटर होतात. साबण आणि मळ मूळच्या चौदाव्या हिश्शावर येतो. तेच पाणी २० लिटर असे दोनदा वापरले आणि मध्ये पिळले तर प्रत्येक वेळी ३ भागिले २३. दोन वेळांचा गुणाकार केला की एकोणसाठावा हिस्सा. पाणी तेवढेच, पण चादर चौपट स्वच्छ. आता हाताऐवजी यंत्राने पिळून चादरीत १.३ लिटरच पाणी उरू दिले, तर दोन खेपांनंतर सुमारे दोनशे अडुसष्टावा हिस्सा. पाण्याचा एक थेंबही न वाढवता.

या खळबळण्याला दुसरेही महत्त्व आहे, आणि ते २०१८ मध्ये पुढे आले. सुताच्या गाभ्यातले पाणी जवळजवळ स्थिर असते हे आपण वर पाहिले. मग बारीक कण तेथून बाहेर येतात कसे? नुसत्या विसरणाने त्यांना फार वेळ लागायला हवा. सांगवू शिन, पॅट्रिक वॉरन आणि हॉवर्ड स्टोन या संशोधकांनी दाखवले की साबणाने भरलेले सूत स्वच्छ पाण्यात गेले की गाभ्यात साबण जास्त आणि बाहेर कमी असा उतार तयार होतो, आणि या उतारावरून मळाचे कण बाहेर ओढले जातात. म्हणजे खळबळणे हे साबण काढून टाकण्याचे उरलेसुरले काम नाही. मळाचा काही भाग तेव्हाच निघतो. पाणी जितके स्वच्छ, तितका उतार तीव्र. साबणाच्या पाण्यात पाच मिनिटे जास्त घुसळून हे साधत नाही.

सोलापुरात बोअरचे पाणी दुष्फेन असते, साबण त्यात फेस धरत नाही आणि राखाडी साका कपड्यावर बसतो. म्हणून पुष्कळ घरांत बोअरचे पाणी धुण्याला आणि नळाचे खळबळायला अशी वाटणी असते. नळाचे पाणी थोडे असेल तर ते शेवटच्या खेपेसाठी राखतात. त्या खेपेचे पाणीही फेकायचे नाही. ते पुढच्या चादरीच्या पहिल्या खळबळण्याला, आणि तिथून निघालेले त्यापुढच्या चादरीला भिजवायला. सर्वांत स्वच्छ पाण्याची गाठ सर्वांत स्वच्छ कापडाशी आणि सर्वांत मळक्या पाण्याची सर्वांत मळक्या कापडाशी. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत पाणी आणि कापड एकमेकांच्या विरुद्ध दिशेने नेऊन हेच करतात, आणि अभियांत्रिकीच्या पुस्तकांत त्याला प्रतिप्रवाही धुलाई म्हणतात. तीन बादल्या, तीन रुमाल आणि थोडी नीळ घेऊन हा प्रयोग एका तासिकेत होतो. प्रत्येक बादलीतले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदासमोर ओळीने ठेवावे आणि कोणत्या क्रमाने धुतले तर शेवटचा रुमाल सर्वांत कमी निळा राहतो ते मुलांनाच शोधू द्यावे.